माझ्या जागी वाजवून गेली ती

सत्यनारायणाच्या पूजेला मी प्रसादाच्या वेळी पोचणारा माणूस. दृष्टांत, संचार वगैरे ऐकलं की मला हसू येतं. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखंच होतंय...

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही लंडनजवळ हाउन्सलोत राहायचो. विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या डायनिंग रूममध्ये मला रोज व्हायोलिन वाजवायचं काम लागलं होतं. मेनू फ्रेंचमध्ये आणि सूप डब्यातलं – असं ते हॉटेल. पण पगार चोख, दर आठवड्याला. तोवर लग्नं, पब, मिळेल तिथे मी वाजवायचो आणि घर बायकोच्या, मालतीच्या, कॅन्टीनमधल्या नोकरीवर चालायचं. खरं तर व्हायोलिन तिचंच. पुण्यात ती मांडी घालून शास्त्रीय वाजवायची. इथे आल्यावर सुटलं.

"अहो, तुम्ही वाजवायला लागलात की लोक सूप पटापट संपवतात," असं म्हणायची.

महिन्याभराची ट्रायल होती. पियानो वाजवणारा केन आमचा बँडलीडर. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, "यायला जमलं नाही तर डेप पाठव – बदली माणूस. खुर्ची रिकामी दिसली की नोकरी गेली. आणि हो, आपल्याहून चांगला डेप कधी पाठवायचा नाही!"

ट्रायल संपत आली आणि मालतीला न्यूमोनियाने हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्या दुपारी ती डोळेच उघडेना. मी तिचा हात धरून बसलो. हॉटेलला फोन करायचंही सुचलं नाही. तिच्या डाव्या हाताची बोटं मात्र माझ्या मनगटावर सारखी फिरत होती... दाबत, घसरत. तापात होतं असं, सिस्टर म्हणाली. दिवेलागणीला बोटं थांबली. मालती गेली.

सगळं उरकल्यावर हॉटेलच्या कपाटात राहिलेलं व्हायोलिन आणायला गेलो. नोकरी गेली, हे धरूनच चाललो होतो.

"ये, ये! मॅनेजरने कायम केलंय तुला," केन म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"अरे, पण त्या दिवशी मी..."

"तुझी डेप आली होती ना! साडीतली बाई. खुर्ची नको म्हणाली, सरळ कार्पेटवर मांडी घालून बसली. तुझंच व्हायोलिन घेतलं. लोक जेवायचे थांबले रे! सूप गार झालं सगळ्यांचं." मग डोळा मारून म्हणाला, "नियम विसरलास तू. परत पाठवू नकोस तिला, तुझी नोकरी जाईल."

मी व्हायोलिनची पेटी उघडली. तारा सा-प-सा-प अशा, आपल्याकडे शास्त्रीयला लावतात तशा लावलेल्या होत्या. हॉटेलात मी कधीच तशा लावत नसे.

ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरी विचारून पाहिलं. कुणी गेलं नव्हतं. आणि मालती पलंगावरून हलली नव्हती, याला साक्षीदार मीच.

त्या नोकरीवर मी पुढे बरीच वर्षं जेवलो. उलगडा आजही झालेला नाही. त्या दिवशी हॉटेलात होते, त्या सगळ्यांनी तिला ऐकलं... वेटरांनीसुद्धा. मी तेवढा राहिलो. मी तिचा हात धरून बसलो होतो.