चावीवाल्यांचं नवं गिऱ्हाईक

काकूंना फक्त खाली उतरायचं होतं. महाल नको, बाग नको, चार लोकांच्या डोळ्यांत भरेल असं काहीही नको. दार उघडलं की पाय जमिनीवर पडावा आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या धाकट्या जावेकडे मनात आलं की जाता यावं, एवढीच मागणी. आणि ही मागणी ज्याच्याकडे करायची तो नवरा कोण? तर घरं विकणारा! गावभर लोकांना घरं दाखवत हिंडणारा माणूस, आणि त्याची स्वतःची बायको लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेली. आता बोला!

त्यांना सगळे चावीवाले म्हणत. पँटच्या खिशात चाव्यांचा हा एवढा जुडगा, प्रत्येक चावीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चालायला लागले की खुळखुळ ऐकून गल्लीला कळायचं कोण आलं ते. त्या वजनानं खिसा फाटायचा आणि तो शिवायला अर्थातच काकू.

माणूस वाईट नव्हता हो. बाहेर कुणालाही विचारा, कौतुक करून थकायचे नाहीत. त्यातून नवीन गिऱ्हाईक असेल तर बघायलाच नको. नवीन माणसाचा फोन किंवा मेसेज आला की चावीवाले घास ताटात टाकून उठत. "ताटकळत ठेवायचं नाही! आत्ता त्याच्या मनात घर आहे. संध्याकाळी मनात दुसरंच काहीतरी येतं," असं म्हणत म्हणत डाव्या हातानं उत्तर लिहीत. ऑफिसात नव्यानं लागलेल्या एजंटांना शिकवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. सकाळी चहाच्या वेळी हा वर्ग फोनवर भरे आणि काकूंना तो भाजी निवडता निवडता फुकटात ऐकावा लागे.

"अहो, आल्याआल्या घरांचे फोटो काय पाठवताय त्यांना? घर नंतर, आधी माणूस! विचारा, आत्ता राहता तिथं काय खुपतं. आणि विचारून झालं की गप्प बसा. अगदी गप्प. गिऱ्हाईक अडखळलं तरी त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. खरं दुखणं वाक्याच्या शेपटीला असतं."

हे ऐकून काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. कारण फोन ठेवल्यावर लगेच जे व्हायचं ते असं :

"अहो, तो जिना..."

"रंगवणार आहेत. मी बोललोय त्यांच्याशी."

"रंगाचं नाही म्हणत मी. माझे गुडघे..."

"तेल चोळ. कोमट करून चोळ." आणि खुळखुळ, खुळखुळ, स्वारी दाराबाहेर.

वर्षानुवर्षं हेच. काकूंचं एक वाक्य काही धड शेवटाला पोचलं नाही. लेक आली तेव्हा आईसाठी नवा फोन घेऊन आली. काकू नवऱ्याला म्हणाल्या, "माझा नवा नंबर घ्या." तर "हो हो, टाकतो नंतर" म्हणाले आणि ते 'नंतर' अजून उजाडायचं होतं. ते आपले काकूंच्या जुन्या मोबाइलवरच फोन करत, म्हणून तोही जवळ ठेवावा लागे. काकूंनी कपाळाला हात लावला आणि तो विषय सोडून दिला.

कडेलोट झाला तो जावेच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर. जाऊ पट्टी बांधून पडली होती, तिला भेटायला दोघांनी निघायचं ठरलं. काकू सकाळपासून तयार. चावीवाले जिन्यात पुढे, फोन कानाला, पलीकडे कुणीतरी नवीन. "अरे वा, पूर्वेकडची खिडकी हवी? का बरं?" असं प्रेमानं विचारत ते भराभरा उतरून गेले. काकू कठडा धरून, अंग तिरकं करून एकेक पायरी उतरत होत्या. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यात अशी कळ आली की त्या तिथंच पायरीवर बसल्या. हाक मारली, पण पूर्वेकडच्या खिडकीपुढे ती कुठली ऐकू जाते! चावीवाले थेट जावेच्या घरी पोचले. तिनं विचारलं, "जाऊबाई कुठं आहेत?" तेव्हा कुठं यांनी मागं वळून बघितलं.

मग फोन. "अगं, आली नाहीस?"

"जिन्यात बसलेय."

"बरं बरं. मग वर जाऊन आराम कर. मी सांगतो तिला."

काकू बराच वेळ तिथंच बसून होत्या. वरच्या मजल्यावरची शेजारीण पिशवी घेऊन उतरली, म्हणाली, "काय काकू, हवा खाताय?" काकू हसल्या. हो म्हणाल्या. आणि ती गेल्यावर त्यांना रडू फुटलं, ते जास्त रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नवा फोन घेतला, नवऱ्याच्या ऑफिसचं पान उघडलं आणि 'घर हवं आहे' या बटणावर बोट ठेवलं. नावाच्या जागी आजीचं नाव ठोकून दिलं. कसं घर हवं, या रकान्यात लिहिलं, "तळमजला. पायरी नको. एकसुद्धा." एजंट कोण हवा असंही विचारलं होतं. तिथं त्यांनी नवऱ्याचं नाव टाकलं. फोनवर बोलायची सोय नाही, मेसेज करा, हेही लिहिलं, आणि जेवायची ताटं घेतली.

चावीवाल्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा फोन वाजला. उठले की लगेच! हात न धुता बाहेरच्या खोलीत. क्षणभरात काकूंच्या पदराखालचा फोन थरथरला.

"नमस्कार मॅडम. तुमचा निरोप मिळाला. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा सावकाश लिहा, मी आहे."

मॅडम! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'अगं'च्या पुढे काकूंना बढती मिळाली नव्हती. त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ असा संताप आला की ताटावर झाकण जरा जोरातच आदळलं. ते निवळायच्या आत दुसरा मेसेज.

"घरांचं नंतर बघू. आत्ता राहता तिथं तुम्हाला काय खुपतं?"

काकू ओट्याला टेकल्या. रोज सकाळी ऐकलेला प्रश्न, पाठच होता म्हणा ना. पण त्यांना स्वतःला तो आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. दारातून बाहेरच्या खोलीत बघितलं तर चावीवाले फोन हातात घेऊन गप्प बसलेले. अगदी गप्प! जेवण निवत होतं, पण त्यांची नजर हलत नव्हती. एका अनोळखी बाईचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होता हा माणूस.

काकूंनी मग हात आखडता घेतला नाही. जिना अंग तिरकं करून उतरावा लागतो, चढताना मधे बसावं लागतं, जावेला बघायला निघाले आणि निम्म्यातून परत आले, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "कुणी विचारलं तर हसून सांगते की मलाच बाहेर जायची आवड नाही."

उत्तर यायला वेळ लागला. "हे शेवटचं वाचून फार वाईट वाटलं मॅडम. घरी सांगितलंत का?"

"सांगते. वाक्य पुरं होऊ देत नाहीत."

"अशी माणसं मी रोज बघतो. घर बघायला मिस्टरांना घेऊनच या. मी त्यांना सरळ करतो."

काकूंनी फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. काय म्हणावं या माणसाला!

चावीवाले परत ताटावर बसले ते जीव कळवळल्यासारखे. "अगं, एक बाई आहेत. बिचारीचे गुडघे गेलेत, आणि नवरा बघ कसला दगड, ऐकूनच घेत नाही!"

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "असतात का असे?"

"ढिगानं! बायको घरात कोंडून पडलीय आणि याला पत्ता नाही. मला तर वाटतं एकदा धरून विचारावं त्याला."

इतकं सगळं त्यांच्याच तोंडून आल्यावर काकूंना आशा वाटली. आता सांगून टाकावं, हा खेळ कशाला वाढवायचा? त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. "अहो, माझेही गुडघे..."

"तेल संपलं का? आणतो येताना," चावीवाले म्हणाले आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

झालं! काकूंनी डाव परत उचलला. मनात काय काय आलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

घर मात्र चावीवाल्यांनी खरंच शोधलं. आठवडाभर धावपळ. एक बघितलं, तिथं न्हाणीघराला उंबरा, नको. दुसरं बघितलं, फाटकाशी पायरी, नको. "त्या बाईंना एकसुद्धा पायरी चालणार नाही, सांगितलंय ना तुम्हाला!" असं ते मालकांवर ओरडायचे, ते काकू ऐकत होत्या. शेवटी घर मिळालं ते जावेच्याच गल्लीत, तळमजल्यावर, रस्त्यावरून सरळ आत. वेळ ठरली. चावीवाले खिडक्या उघडून ठेवायला आधी गेले. काकू त्यांच्यामागून निघाल्या, तिरक्या होत, बसत, दात-ओठ खात जिना उतरल्या आणि खाली टॅक्सी केली.

चावीवाले दारातच होते. बायकोला बघून गडबडले. "तू इथं कुठं? जावेकडे चाललीस का? जा जा, माझं गिऱ्हाईक येईल इतक्यात."

"आलंय गिऱ्हाईक," काकू म्हणाल्या. "आणि नवऱ्याला घेऊन या म्हणाला होतात. तो माझ्याआधीच येऊन उभा राहिलाय. करा काय सरळ करायचं ते."

चावीवाल्यांना काही उमगेना. काकूंनी पर्समधून नवा फोन काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांचेच मेसेज, उलट्या बाजूनं. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"ही काय थट्टा? ऑफिसात कळलं तर? लोक हसतील मला! आणि एवढं होतं तर तू मला सांगायचंस ना!"

सांगायचंस ना! हे ऐकलं मात्र, काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रिकाम्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या आणि खिडकीतून गल्लीकडे बघत राहिल्या. समोर जावेच्या दारात पायपुसणं वाळत घातलं होतं.

चावीवाले बोलत होते, आपोआप बोलणं थांबलं. त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि वाचायला लागले. तेच वाक्य, तीच जाऊ, तोच निम्मा जिना. तो मजकूर त्यांना पाठ असेल, पण आता ते अक्षर न् अक्षर सावकाश वाचत होते आणि मधेच मान वर करून खुर्चीकडे बघत होते.

"शेजाऱ्यांना हसून सांगतेस?" त्यांनी विचारलं.

"मग काय रडून सांगू?"

त्यांनी ऑफिसला फोन लावला आणि म्हणाले, "हिच्या जावेच्या... म्हणजे ते तळमजल्याचं घर आता कुणाला दाखवू नका. गिऱ्हाईक मिळालं."

जावेकडे मनसोक्त बसून दोघं संध्याकाळच्या आत घरी परतले. जिना आला. सवयीनं चावीवाले पुढे झाले, खुळखुळत पहिल्या वळणापर्यंत गेलेही, आणि तिथं थांबून त्यांनी खाली बघितलं. काकू दोन्ही हातांनी कठडा धरून एक पाय वर घेत होत्या, दुसरा त्याच पायरीवर ओढत होत्या, आणि मग थांबत होत्या. या इमारतीत इतकी वर्षं राहून बायकोला जिना चढताना त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. ते खाली आले आणि तिच्या मागून चढायला लागले.

दुसऱ्या मजल्याशी काकू बसल्या. तेही शेजारी बसले. तेवढ्यात फोन वाजला. नवीन नंबर. त्यांचा हात झटकन खिशात गेला.

"घ्या," काकू वैतागून म्हणाल्या. "ताटकळत ठेवू नका. संध्याकाळी मनात दुसरंच येतं."

त्यांनी घेतला. "नमस्कार. मी थोड्या वेळानं फोन करतो. आत्ता एक गिऱ्हाईक बरोबर आहे." फोन बंद करून खिशात टाकला आणि बायकोकडे तोंड करून बसले. "बोल."

"अहो, तो जिना..." काकूंनी सुरुवात केली आणि सवयीनं थांबल्या, आता हे मधे बोलणार म्हणून.

ते बोलले नाहीत. चाव्या हातात घट्ट धरून, आवाज होऊ नये म्हणून, नुसते बघत राहिले. काकूही बघत राहिल्या. वाक्याचा पुढचा भाग काय होता ते त्यांना आठवेना. इथपर्यंत यायची वेळच कधी आली नव्हती.