इंट्रोडक्शनचा कागद

चूक ऐकली की माझं डोकं फिरतं. ही बढाई नाही, खोड आहे. दाताखाली खडा आला की माणूस घास थांबवतो, तसा मी समोरच्याला मध्येच थांबवतो. बायको म्हणते, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेलाच बसायचं." एका लग्नपत्रिकेतलं इंग्रजी मी लाल पेनाने दुरुस्त करून पत्रिका परत पाठवली होती. तरी आम्ही लग्नाला गेलो. तिथे आम्हाला कोणी जेवायला बसा म्हणालं नाही.

गेली बरीच वर्षं मी इंग्रजी बोलायला शिकवतो. तीन दिवस शहापूरला, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, आणि तीन दिवस मुरबाडला, एका पिठाच्या गिरणीच्या मागे. मधला रस्ता किन्हवली, सरळगाव करत मोटारसायकलने. त्या रस्त्यावरही मला चैन नसते. पाट्या वाचत जातो. एकदा माळशेजकडे निघालो होतो, तर टोकावड्याजवळच्या एका ढाब्याच्या पाटीवर 'वेलकम'ला दोन एल दिसले. गाडी थांबवून मालकाला सांगितलं. तो कांदा चिरत होता. म्हणाला, "सर, गिऱ्हाईक येतंय ना? मग एक एल जास्त झाला तर काय बिघडतंय?" पुढे घाट लागेपर्यंत तो एल माझ्या डोक्यातून गेला नाही.

माझ्याकडे येणारी मुलंमुली बारावी झालेली, फार तर पंधरावी. त्यांच्या चुका मला तोंडपाठ आहेत. 'आय डिड नॉट वेंट.' 'वुई विल डिस्कस अबाउट.' 'ही इज माय कझिन ब्रदर.' 'माय हेड इज पेनिंग.' चूक कुठून येते तेही मला कळतं. मनात मराठी चाललेली असते आणि तोंडाला इंग्रजी बोलायचं असतं, मग मधल्या मध्ये ओढाताण होणारच. हे सगळं कळूनही मी थांबत नाही. वर्गात माझी एक पद्धत आहे. बोलणाऱ्याची चूक झाली की मी एक बोट वर करायचं. दुसरी झाली की दुसरं. पाचही बोटं वर गेली की त्याने खाली बसायचं. 'सरांचा पंजा' म्हणतात त्याला. पंजा पडायच्या आत पूर्ण मिनिटभर बोललेली पोरं मी बोटांवर मोजू शकेन. या पद्धतीचा मला अभिमान होता.

आता त्या कागदाबद्दल सांगतो.

अगदी पहिल्या बॅचमध्ये किन्हवलीकडची एक मुलगी होती. तिला मुलाखतीत स्वतःबद्दल काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी एका फुलस्केपवर तिला दहा-बारा वाक्यं लिहून दिली. माझे वडील शेतकरी आहेत, आम्ही भात लावतो, मला दोन धाकटे भाऊ आहेत, मला वाचनाची आवड आहे, मी मेहनती आहे. सगळं तिच्या घरचं आणि खरं. त्या मुलीला नोकरी लागली. तिने कागद मावसबहिणीला दिला, तिलाही लागली. झालं! खालच्या झेरॉक्सवाल्याने एक प्रत दुकानातच ठेवून दिली. कोणीही आलं की विचारायचं, "सरांचा इंट्रोडक्शनचा कागद आहे का?" तो लगेच काढून द्यायचा. शहापूरचा कागद मुरबाडला गेला, तिथून सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांपर्यंत पोचला.

आणि कोणी त्यातला एक शब्द बदलायला तयार होईना. एका बॅचमध्ये अकरा मुली होत्या आणि अकराही जणींना दोन-दोन धाकटे भाऊ! एक तर आईबापांना एकुलती. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अगं, तुला भाऊ कुठून आले?" ती म्हणाली, "सर, कागदाला गुण हाय. बदललं नि नाय लागली तर?" देवाच्या अंगाऱ्यात कोणी स्वतःची राख मिसळत नाही, तसंच हे. मी ओरडायचो, कागद फाडायचो, आणि खाली दुकानात त्याच्या आणखी वीस प्रती निघायच्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मुरबाडच्या वर्गात एक मुलगी आली. टोकावड्याच्या पुढे एक गाव आहे, त्या गावाबाहेरच्या वाडीतली. आश्रमशाळेत बारावी झालेली. वाडीत कोणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. पावसात गावातल्या लोकांच्या शेतात लावणी, कापणी. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि अख्खी वाडी वीटभट्टीवर जाते. म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या मागे राहतात. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "सर, मला दिवाळीच्या आत बोलता यायला पायजे. नोकरी लागली तर मी हितं रूमवर ऱ्हाणार. नायतर गाडीत बसायचं, आईने सांगितलंय."

हुशार होती. आणि बोलायची तर धबधब्यासारखी, चुकांसकट. तिचं पहिलं इंग्रजी वाक्य मला अजून आठवतं. भट्टीवर पहाटे चिखल किती गार असतो ते ती सांगत होती. वाक्य भलतंच होतं, पण माझ्या पायाला गारवा लागला. तरी माझी तीन बोटं वर गेली होती. चौथ्या वाक्याला पंजा पडला. पुढच्या वेळी ती थोडं कमी बोलली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी. महिन्याभरात ती फक्त कागदातलं बोलायला लागली, कारण त्या वाक्यांना बोट उठत नव्हतं. मला वाटलं, सुधारली.

दसऱ्याच्या सुमाराला मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंग आणि तपासणीसाठी मुली घ्यायच्या होत्या. खोक्यांवरचं इंग्रजी वाचता यावं, शिफ्टचा रिपोर्ट भरता यावा, एवढी अट. मुलाखती घेणारा साहेब बाहेरचा होता, तरुण, हिंदी-इंग्रजी बोलणारा. मुलींचं इंग्रजी तपासायला कोणीतरी स्थानिक हवं म्हणून त्याने मला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

पाच-पाच मुली एकदम आत यायच्या आणि समोर ओळीने बसायच्या. पहिल्या पाचांनी कागद म्हणून दाखवला. दुसऱ्या पाचांनी तोच म्हणून दाखवला. साहेब आधी हसला, मग कंटाळला. माझ्याकडे वाकून इंग्रजीत म्हणाला, "या सगळ्या एकाच घरातल्या आहेत का?" मी पाण्याचा घोट घेतला. कागद माझा आहे हे सांगायला माझी जीभ रेटेना. खुर्चीत नुसती चुळबूळ चालली होती.

तिसऱ्या पाचांत ती होती. मधल्या खुर्चीवर. तिच्या दोन्ही बाजूंना टोकावड्याकडच्याच दोन मुली, बाकीच्या दोघी दुसरीकडच्या. तिने उभं राहून सुरू केलं. स्पष्ट, न अडखळता. "माय फादर इज अ फार्मर. वुई ग्रो राइस." भावांपर्यंत ती पोचायच्या आत साहेबाने पेन टेबलावर आपटलं. "वन मिनिट," तो म्हणाला, "हाउ मच लँड?"

कागदात याचं उत्तर नव्हतं. तिने साहेबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "टू एकर, सर." "व्हिच राइस?" तिने एका भाताचं नाव सांगितलं. "व्हेन डू यू प्लांट?" तेही तिने सांगितलं, मोडकं पण बरोबर. आवाज स्थिर होता. शेजारच्या दोन मुली मांडीवर हात ठेवून समोर बघत होत्या.

आणि मला राहवेना. चूक चालली होती माझ्यासमोर! तीही माझ्या कागदातून आलेली. शिवाय मनात आलं, हिची खरी हकिगत साहेबाला कळली तर तो हिला घेतल्याशिवाय राहणार नाही. पोरीचं भलं होईल आणि माझ्या मनावरचं ओझंही उतरेल. मी हात वर केला आणि इंग्रजीत बोलायला लागलो. म्हणालो, माफ करा, हे बरोबर नाही. ही वाक्यं माझी आहेत, दुसऱ्याच एका मुलीसाठी लिहिलेली. हिच्या वडिलांकडे जमीन नाही. हे लोक दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करतात आणि सहा-सात महिने वीटभट्टीवर राहतात. ही मुलगी तिथल्या चिखलातून शिकून इथवर आली आहे. दिवाळीच्या आत नोकरी मिळाली नाही तर तिला पुन्हा भट्टीवर जावं लागेल. कृपा करून याचा विचार करा.

माझं इंग्रजी त्या दिवशी निर्दोष होतं. एक काळ चुकला नाही, एक शब्द अडला नाही. साहेब पुढे सरकून ऐकत होता.

"इज इट ट्रू?" त्याने तिला विचारलं.

"येस, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुपारी तीनच्या सुमाराला गेटवर यादी लागली. सात नावं होती, त्यात तिचं होतं. शेजारच्या दोघींचीही होती. मी समोरच्या टपरीवर दुसरा चहा घेत होतो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चहा अर्धा टाकून मी रस्ता ओलांडला.

"काय मग!" मी म्हणालो. "राहिलीस की नाही मुरबाडला?"

तिने मान हलवली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला वाटलं, दमली असेल.

"आईला फोन केलास?"

"केला."

"मग अशी का तू? मी बोललो म्हणून साहेब विरघळला बघ. नाहीतर त्या कागदाने घात केला होता आज."

ती चपलेने माती उकरत उभी होती. मग माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "सर, कागदात व्हतं म्हणून नाय बोल्ले मी."

"मग?"

"बाकीचं बदलायचं म्हणून मी घरी बसून बदललं व्हतं. भाऊ दोन नाय, एकच सांगणार व्हते. त्ये शेतीचं तेवढं मुद्दाम ठेवलं. बोलायला बरं वाटायचं." तिने चपलेतली माती झटकली. "मी खोटं बोलत व्हते, मला म्हाईत हाय. पण जमत व्हतं ना सर? भाताचं सगळं मला येतं. इचारलं आसतं त्ये सांगितलं आसतं."

मी म्हणालो, "अगं, पण खरं सांगितल्यानेच तर नोकरी मिळाली तुला."

"व्हय," ती म्हणाली. "मिळाली." आणि मग तिने गेटजवळ उभ्या असलेल्या त्या दोन मुलींकडे पाहिलं, ज्या मुलाखतीत तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. "त्या आमच्याच गावच्या, सर. माझी आई त्यांच्याच शेतात लावणी करते. मी पण करते. टू एकर म्हणाले त्ये त्यांचंच शेत. त्यांना सगळं ठाऊक व्हतं."

मी त्या दोघींकडे पाहिलं.

"त्या गप बसल्या," ती म्हणाली. "तुमी बोल्ले."

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, माझी बाजू मांडली असती. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर राग पण आला, तिचा नव्हे, पण कोणाचा ते त्या वेळी कबूल करवत नव्हतं. शर्टाची इस्त्री घामाने गेली होती. मी उगाच खिशातून गाडीची चावी काढली, पुन्हा आत टाकली.

तेवढ्यात टोकावड्याची जीप आली. त्या दोघींपैकी एक आधी चढली, मधल्या सीटवर ओढणी पसरून तिने जागा धरली आणि बाहेर डोकं काढून हाक मारली, "ये गो लवकर, भरतेय गाडी!"

"येते, सर," ती मला म्हणाली. धावत गेली आणि त्या दोघींच्या मधे जाऊन बसली.