भाषेचा रकाना

अर्ज भरण्यात माझा हात कोणी धरणार नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती कुवेतमधल्या अहमदीत, आमच्या तेल कंपनीच्या क्लबाच्या नोटीस बोर्डासमोर एका सकाळी गळून पडली. भारताकडून गाऊ इच्छिणाऱ्यांची यादी लागली होती आणि तिच्यात तिसरं नाव माझं होतं. 'नाव' असा रकाना दिसला की स्वतःचं नाव घालून मोकळं व्हायचं ही कारकुनी सवय. गायकाचं नाव विचारलंय, हे वाचायला थांबतो कोण? दिवसभर स्टोअर्समधले लोक विचारत होते, "क्यों मुंशीजी, कौन-सा राग?" घरी बायको म्हणाली, "तुमी गाणार असाल तर तसं सांगा. मी माहेराला जाते."

अर्ज खरा दुसऱ्याचा होता. कंपनीच्या बिनकुटुंबी कामगारांच्या मेसमध्ये एक स्वयंपाकी होता, रत्नागिरीकडचा, आमच्या गावासमोरच्या खाडीपलीकडचा. त्याला लिहिता येत नसे. त्याचे अर्ज, त्याची पत्रं, सगळं मी लिहीत असे, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं मला कोणीतरी लहानपणी सांगितलं होतं आणि मी ते मनावर घेतलं होतं.

कुवेत तेव्हा नुकतंच स्वतंत्र झालं होतं आणि देश ह्या शब्दाची सगळ्यांनाच नवी हौस होती. क्लबानं ठरवलं की कंपनीत जितक्या देशांची माणसं राबतात, तितक्या देशांनी एकेक गाणं द्यायचं आणि स्पर्धा घ्यायची. गाणी टेपवर उतरवायची, आणि ज्या त्या देशाच्या रेडिओनं आपलं गाणं वाजवायचं, असंही पत्रापत्री करून ठरलं होतं. इंग्रजांनी आपलं गाणं एका बैठकीत निवडलं, लेबनॉनवाल्यांनी दोन बैठकांत. भारताला पाच लागल्या. त्यातल्या तीन, बैठक कुठल्या भाषेत चालवायची ह्यावर गेल्या. कमिटीचे अध्यक्ष एक पंजाबी इंजिनीयर होते, बाकी एक मद्रासी अकाउंटंट आणि एक बंगाली ड्राफ्ट्समन. मी लिहायला. मला मत नव्हतं.

स्वयंपाक्याला बक्षिसाशी देणंघेणं नव्हतं. त्याला पाहिजे होता तो रेडिओ. दीड वर्षापूर्वी आमच्या किनाऱ्यावरचे खलाशी असलेलं एक गलबत आखातात बुडालं होतं. बुडालेल्यांत ह्याच्याच नावाचा एक माणूस होता. गावात बातमी पोचली ती अशी की हाच गेला. त्याच सुमाराला त्याची पत्रं आधी लिहून देणारा दुकानदार कायमचा आपल्या घरी, दूर दुसऱ्या जिल्ह्यात परतला आणि मी लिहू लागलो. म्हाताऱ्या आईनं मनाशी पक्कं केलं की पोरगा बुडाला आणि आता कोणी भला माणूस तिच्या समाधानासाठी पत्रं धाडतो आहे. आम्ही फोटो पाठवला, तर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शेवटी गावच्या मास्तरांच्या हातचं कार्ड आलं: 'आपण जे कोणी असाल त्यांचे उपकार आहेत, पण ह्यापुढे लिहिण्याची तसदी घेऊ नये, असे त्या म्हणतात.'

कराराची दोन वर्षं अजून बाकी होती, रजा मिळत नव्हती. "भाई," तो मला म्हणाला, "मास्तरच्या घरात रेडिओ हाय. आयशीला तिथं नेऊन बसवतील. माझा आवाज ती ओळखील."

निवड शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर झाली. तो सकाळी आमच्या घरी चहा घेऊन, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्यानं आपल्याकडच्या बायका लग्नात म्हणतात तसलं गाणं म्हटलं. नवरी होडीत बसली आहे आणि तिची आई भरतीला सांगते आहे, जरा थांब. बापये हे गाणं म्हणत नाहीत, पण हा आईच्या मांडीवर ऐकून शिकला होता आणि तिच्याच ढबीत म्हणत होता, मधे दम घ्यायला थांबायचं ते तिच्यासारखंच. पंखा बंद करा असं कोणीतरी खुणेनं सांगितलं. मद्रासी अकाउंटंटनं चष्मा काढून हातात धरला तो गाणं संपेपर्यंत.

अध्यक्ष म्हणाले, "वाह! बहुत खूब." मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "ये कौन-सी ज़बान है, मुंशीजी? तुम उधर के हो. लँग्वेज का खाना खाली है."

तो रकाना मी रिकामा ठेवला होता, मुद्दाम. माझ्या स्वतःच्या कंपनीच्या कागदांवर अकरा वर्षं मातृभाषा 'उर्दू' अशी होती. शाळा शिकलो मराठीत, घरात बोलतो आमची कोकणी, पण चार लोकांत विचारलं की उर्दू सांगायची, ही आम्हा कोकणी मुसलमानांची रीत. उर्दूला अदब आहे. आमच्या बोलण्याला काय आहे? मासळीचा वास. (इथे ते बोलणं मी वाचकांसाठी बरंच मराठीकडे वळवून लिहितो आहे, ही सवय अजून जात नाही.)

त्या टेबलाभोवती बसलेल्या साहेबांसमोर ही आपली भाषा असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी हसलो. म्हणालो, "साहब, ज़बान ऐसी कोई नहीं. हमारे उधर की औरतें ऐसा ही कुछ बोलती हैं."

"ज़बान नहीं है?" अध्यक्षांना खरंच वाईट वाटलं. "तो फिर लिखूँ क्या?"

अकाउंटंटनं नियम वाचला: गाणं देशाच्या एखाद्या भाषेतलं असावं. बंगाली बाबू म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. एका फोरमनचं हिंदी गाणं ठरलं. फॉर्मवर 'हिंदी' हा शब्द मीच लिहिला, वळणदार.

स्वयंपाकी दाराशी उभा होता. तो चिडला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "भाई, मग सकाळी भाभीनं मना चाय दिली, ती कंच्या भाषेत?"

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या ऑफिसात गेलो आणि सांगितलं की चूक झाली, भाषा आहे, माझीच आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, पण यादी पुढे गेली होती. स्पर्धा झाली, भारत तिसरा आला, टेप रवाना झाली. स्वयंपाकी त्यानंतर आमच्या घरी, अहमदीजवळच्या फिंतास गावात, आला नाही. पत्र लिहून घ्यायलासुद्धा नाही.

बायकोला हे सांगायला मला दहा दिवस लागले. ती झुबेदी साफ करत बसली होती. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं विचारलं, "त्या म्हातारीला तुमी लिवता तरी काय?"

मी कारकून माणूस, प्रत्येक पत्राची नक्कल ठेवतो. काढून वाचून दाखवली: "बखिदमत वालिदा साहिबा, बाद सलाम के वाज़े हो कि यहाँ हर तरह से खैरियत है..." म्हणजे आईसाहेबांच्या सेवेशी सलाम, इथे सगळं क्षेम आहे.

"हे तो बोललाय?"

"असं नाही. तो बोलला, आयशीला सांग मी बरा हाय, खोकला गेला, आणि काळी शेळी विकू नको, गाभण हाय. ते मी जरा नीट करून लिहिलं."

"मग शेळी कुठं हाय ह्यात?"

"अगं, वालिदा साहिबांना शेळी कशी लिहिणार?"

तिनं सुरी खाली ठेवली. तिच्या आवाजात आता थट्टा अजिबात नव्हती.

"म्हातारीनं बरोबर ओळखलंन," ती म्हणाली. "असला माणूस तिनं जन्माला घातलाच नव्हता. उद्या जा मेसवर, माफी मागा, आणि त्याला जेवायला घेऊन या. तो बोलंल तसा लिवा, शेळीसकट. आणि लिवताना तुमी तोंड उघडू नका."