होडीत बसलेली काकी

तुमच्या आळीची होडी आत्ता कुठे आहे, आणि तिच्यावर काय काय ठेवलंय, हे तुम्ही सांगू शकाल?

हा प्रश्न माझा नाही. आमच्या आळीच्या खालच्या टोकाला, सावित्री नदीच्या बाजूला, पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका काकींचा आहे. त्यांनी तो इतक्यांदा विचारला की लोक हसायचे. हसलं की त्या पिठाचा हात पदराला पुसून म्हणायच्या, "हसा. पाणी काय दार वाजवून येतंय?"

गिरणीच्या भिंतीवर मागच्या पुराची रेघ होती. रंगाऱ्याला त्यांनी तेवढी पट्टी सोडायला लावली. रोज गिरणी बंद करताना त्या रेघेवर तळवा टेकवायच्या. भिंत कोरडी आहे ना, हे बघायच्या. मे महिन्यातसुद्धा.

त्यांची भीती एका माणसासाठी होती, नवऱ्यासाठी. काकांच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवी बाजू लुळी, देह मात्र पूर्वीच्या गड्याचाच. त्यांना उचलायला चार माणसं लागत, आणि माळ्याची शिडी त्यांना चढता येत नव्हती. एकदा पुराचा भोंगा झाल्यावर आम्ही त्यांना खुर्चीत घालून वरच्या टोकाच्या सभागृहात नेलं होतं. पाणी आलंच नाही. काका ओशाळले. "दर भोंग्याला माझी पालखी काढनार काय रे?" त्यानंतर ते हलायला तयार होईनात.

वर्गणी काढून आम्ही फायबरची होडी आणली, तेव्हा पहिला नमस्कार काकींनी केला. मग सभा भरली. होडी ठेवायची कुठे?

एक सूचना अशी की सभागृहाच्या मागच्या खोलीत भिंतीला लोखंडी रॅक आहे, त्यावर, छताजवळ ठेवावी. दुसरी सूचना माझी आणि आणखी चौघांची. खालच्या टोकाला, गिरणीसमोरच्या ओट्यावर खांब उभारून होडी चेन-पुलीला टांगावी. साखळी सोडली की होडी पाण्यात. मी तावातावाने बोललो. सगळ्यांची वस्तू कुलपात गेली की ती किल्लीवाल्याची होते, हे मला आजही पटतं.

कापडवाले शेट शांतपणे उठले. "खाली टांगली तर उन्हाने तडकेल, पोरं झोके घेतील, पुरात एक ओंडका आला की चुरा. वर ठेवलेली वस्तू महाडात कधी बुडाली आहे का, सांगा."

आपण महाडकर जन्मापासून हेच शिकलोय. भोंगा झाला की माल वर.

काकी उठल्या. "वर ठिवली तर निघंल कशी? आन् खाली ठिवली तर ऱ्हाईल कशी?"

"काकी, एक काहीतरी ठरवा," कुणीतरी हसत म्हणालं.

"ठरवायचं धाडस तुम्हाला हाय, बाबा. मला नाय. ह्यांना शिडी चढता येत नाय, येवढंच म्हायती हाय." आणि त्या खाली बसल्या.

हात वर झाले. रॅक. घरी काकांना निकाल कळला तेव्हा ते म्हणाले, "मग ती चेन-पुली मला लावा. होडीला तिथं झोपू दे."

त्या पावसाळ्यातला पहिला भोंगा भर दुपारी झाला. आळीने नेहमीचं केलं. कापडाचे तागे, तांदळाच्या गोणी, शिलाई मशीन, कुणाचा टीव्ही, गणपतीचं मखर. आधी रॅकवरची होडीशेजारची जागा भरली. मग होडी भरली. एवढं मोठं टोपलं आळीत दुसरं होतं कुठे? कुणाच्या मनात पाप नव्हतं, म्हणूनच मला त्या दिवसाची जास्त भीती वाटते. पाणी खालच्या टोकाच्या पायऱ्या चाटून गेलं. सगळे चहा प्यायला बसले.

काकी छत्री मिटत आल्या आणि वर बघत राहिल्या. "होडी कुठाय?"

मी बोट दाखवलं. गोणींच्या खालून होडीचं नुसतं टोक दिसत होतं.

पुढच्या भोंग्याला त्या सगळ्यांच्या आधी आल्या. शिडी लावली, नऊवारीचा काचा घट्ट केला, वर चढल्या आणि होडीत जाऊन बसल्या. छताला डोकं लागत होतं म्हणून मान वाकडी.

"काकी, उतरा! हे काय?"

"नाय उतरनार."

"अहो, तागे भिजतील," शेट खालून म्हणाले.

"मंग ठिव माझ्या डोक्यावर. होडीत नाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "कुठल्या बंदराला निघालीस गो?" काकी हसल्या नाहीत. त्या कान देऊन काहीतरी ऐकत होत्या.

ते मला नंतर समजलं. निघण्याआधी त्या काकांना गिरणीच्या आतल्या उंच ओट्यावर सरकवून बसवत, तोल जाऊ नये म्हणून गिरणीचा जुना पट्टा कमरेला बांधत, आणि डाव्या हातात चमचा, मांडीवर थाळी देत. काकांनी थाळी वाजवत राहायचं. आळी लहान. थाळी वाजते तोवर काका आहेत. होडीत बसावं तर नवरा एकटा, नवऱ्याजवळ बसावं तर होडी गोणीखाली. दर भोंग्याला ती बाई या दोन्हींच्या मध्ये, मान वाकडी करून, थाळी ऐकत बसायची.

मग ते पाणी आलं. सकाळी. भोंगा संपायच्या आत खालच्या टोकाला गुडघाभर झालं होतं. काकी वर होत्या. थाळी वाजत होती. टण्, टण्, टण्. आमच्या डोक्यांवर गोण्या होत्या. आणि थाळी थांबली.

"सोडा! होडी सोडा रे!"

माणसाचा तसला आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. गोण्या जिथल्या तिथे पडल्या. होडीत काकींखेरीज काही नव्हतं, म्हणून रॅकच्या दोरांवरून ती झरझर खाली आली. काकी त्यातच बसून राहिल्या. छातीभर पाण्यातून आम्ही ती ढकलत नेली. गिरणीत अंधार. पाणी भिंतीवरच्या रेघेशी आलेलं. काकांच्या हनुवटीला पाणी लागत होतं आणि थाळी त्यांनी डोक्यावर धरली होती.

"चमचा पडला गो," ते म्हणाले.

काकींनी पट्टा सोडला, त्यांना आत ओढून घेतलं, आणि मग त्यांच्या दंडावर एक चापट मारली.

पाणी उतरल्यावर आळीने होडीला हार घातला, नारळ फोडला आणि ती परत रॅकवर चढवली. गिरणीसमोरच्या ओट्यावर ओंडका येऊन धडकला होता. शेट म्हणाले, "बघा, खाली असती तर चुरा झाला असता." खरं होतं. ओटा असा फुटेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण होडीला पाण्यापासून रॅकने वाचवलं, आणि रॅकपासून काकींनी.

काकींनी गिरणी बंद केली. काकांना घेऊन त्या पोलादपूरकडे, उमरठला भावाकडे गेल्या. परवा फोन आला. "हितं पाणी येत नाय. पन घरामागल्या डोंगराला भेग गेलीय म्हनत्यात. आता डोंगरावर जाऊन बसू काय रे?" मागे काका थाळी वाजवत होते, चहासाठी.

"होडीवर काय ठिवलंय?" त्यांनी विचारलं.

मी तेव्हाच शिडी लावून वर गेलो. होडीत लग्नातल्या स्वयंपाकाचे टोप होते, सतरंज्या होत्या, गेल्या वर्षीचं मखर होतं. त्या बसायच्या ती जागासुद्धा भरलेली.

आळीकरांनो, येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. होडी टांगायचा खांब आणखी वर, आळीच्या वळणाच्या आत, ओंडका पोचणार नाही असा उभारता येईल. हात वर करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आज घरी जायच्या आधी होडीतलं आपलं सामान उतरवून न्या. आणि भोंगा झाला की तुमच्यापैकी कुणीतरी, गोणी उचलण्याआधी, शिडी चढून त्या होडीत जाऊन बसा.