काहिलीला पोर्ट नसतं

सोनमचं माहेर वडूजच्या पूर्वेला. तिकडं पाणी म्हणजे टँकर. बाप हरिबा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर. पोरगी मात्र हट्टानं कॉलेजात गेली आणि बी.ए. होऊनच थांबली. लग्न करून आली ती थेट कृष्णेच्या काठावर, सांगलीपासून अर्ध्या तासावरच्या गावात. नवरा हळदीच्या बाजारात कामाला, ही ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर. पाच वर्षं झाली तरी गावातल्या टवाळांना ती अजून ‘टँकरवाली’च. तिनं ते मनावर घेतलं नाही. घ्यायचं तरी कशाला?

मोठ्या पुरानंतर गावाला रबरी बोट मिळाली, सोबत एक इंग्रजी पुस्तिका. बोट समाजमंदिरात गेली, पुस्तिका सोनमच्या टेबलावर. कुणी उघडेना म्हणून तिनं उघडली. बोटीचं तोंड म्हणजे बो, बूड म्हणजे स्टर्न. तोंडाकडं बघत बसलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. बोट गरागरा फिरली तरी या बाजू बदलत नाहीत. शिवाय माणसं नेणारी फेरी निराळी, माल नेणारी बार्ज निराळी, दुसऱ्या बोटी ओढणारी टगबोट निराळी. प्रत्येक मेंढराला रंगावरून, कानावरून, शिंगावरून वेगळं नाव असायचं अशा घरातली ती. तिला याचं नवल नाही, मजा वाटली. पंधरवड्यात पुस्तिका पाठ.

मग ती सरपंच भूपालअण्णांपुढं जाऊन उभी राहिली. “अण्णा, बोटीवरच्या चौघांत माजं नाव घाला.”

अण्णा माणूस वाईट नव्हे. पण बोटीवर बाई म्हटल्यावर त्यांची बशी हातातच राहिली. “पवता येतंय का तुला?”

“येतंय. पावसाळ्यात हिरीला पानी यायचं, तितंच शिकलीया. तुमच्या जिनेंद्रला येतंय का, ते इचारा आदी.”

जिनेंद्र अण्णांचा पुतण्या, चौघांतला एक. त्याला येत नव्हतं. अण्णांनी चहा संपवला, विषयही संपवला.

बोटीचं इंजिन धनाजीकडं. तो म्हणाला, “आवं वैनी, आमी काहिलीतनं नदी पार केल्याली माणसं. आमाला काय शिकिवता?”

ते खोटं नव्हतं. गूळ शिजवायची भलीमोठी कढई म्हणजे काहील. पूर आला की या गावानं तिचीच नाव केली होती. प्रशिक्षण द्यायला एक साहेब आले, तेव्हा सोनमनं सगळ्यांसमोर विचारलं, “सर, काहिलीला इंग्रजीत काय म्हणायचं?”

साहेबांनी वही चाळली. “तसलं काही यात नाही.”

“मग घाला की. बोट येईस्तोवर माणसं तिनंच काढली हायेत.”

पोरं हसली, साहेबही हसले. सोनम हसली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. काहील गोल. तिला पुढं नाही, मागं नाही, डावं-उजवं नाही. म्हणूनच धनाजी आणि मंडळी चिंचेकडं घ्या, देवळाकडं घ्या, मळ्याकडं घ्या, असं बोलायची. काठ दिसतोय तोवर ठीक. चिंचच बुडाली तर?

हे तिनं सांगून पाहिलं. कोण ऐकतंय! मग एका दुपारी तिनं समाजमंदिर उघडून घेतलं आणि बोटीच्या डाव्या अंगाला लाल पट्टी चिकटवली, उजव्या अंगाला हिरवी. वर देवनागरीत ठळक लिहिलं: पोर्ट, स्टारबोर्ड.

“बोटीला बांगड्या भरल्या गं टँकरवालीनं!” वल्ही मारणारा पप्पू पारावर ओरडून आला.

“व्हय, भरल्या. तुज्या मांडीखाली लाल यील तवा तू पोर्ट, ध्यानात ठेव,” सोनम म्हणाली. तेव्हापासून सराव असला की ती काठावर उभी राहून हेच शब्द ओरडायची. पोरं टिंगल करत करत का होईना, ते शिकली.

यंदा श्रावणात पाणी चढलं. मळ्यातल्या घराच्या गच्चीवर शालनकाकू एकटी अडकली, आणि जिनेंद्र सांगलीत, रस्ता बंद. चौथा माणूस नाही. सोनमनं लाइफ जॅकेट चढवलं आणि दोर हातात घेऊन बोटीच्या तोंडाशी जाऊन बसली.

“ए पोरी, उतर!” अण्णा काठावरून ओरडले.

“आदी काकूला आणू, मग उतरते.”

मळा दिसायला लागला आणि इंजिनाच्या पंख्यात उसाचा पाला गुंतला. इंजिन बंद. धार बोटीला फिरवू लागली. डाव्या हाताला विजेची तार, पाण्यापासून जेमतेम दोन हात वर.

“चिंचेकडं घ्या! चिंचेकडं!” धनाजी ओरडला.

खालच्या काठावरच्या चिंचेचा शेंडाही दिसत नव्हता. पप्पूला वाटलं चिंच मागं राहिली, समोरच्या अंगाला वल्हं धरलेल्या साईराजला वाटलं अजून पुढं आहे. दोघांनी आपापल्या चिंचेकडं वल्ही मारली. बोट तारेकडं निघाली.

“पोर्ट, जोरात! स्टारबोर्ड, उलटं मार!”

पप्पूनं वर पाहिलंही नाही. मांडीखाली लाल पट्टी होती, त्यानं जीव खाऊन वल्हं मारलं. साईराजनं उलटं मारलं. बोटीचं तोंड उजवीकडं वळलं, आणि तार स्टर्नच्या मागून, धनाजीच्या टोपीपासून वीतभर अंतरावरून निघून गेली.

“दोगंबी सारखं! मार! मार!” सोनम थांबलीच नाही. गच्चीच्या कठड्याला दोर टाकूनच तिनं श्वास घेतला.

शालनकाकू बोटीत उतरली ती बडबडतच. “कवाधरनं हाका मारतीया! कुठं गिरक्या घेत बसलाता रं?”

वल्ही मारतच काठाला लागल्यावर काकूला दोघांनी धरून नेलं. अण्णा पुढं आले. आवाज मऊ होता. “झाक केलंस, पोरी. आता उतर. दुसरा कोनतरी गडी बघतो मी.”

“पलीकडच्या वस्तीवर सात जण हायेत, अण्णा.”

“म्हनून तर म्हंतोय. गड्यांचं काम हाय ते.”

“मगाशी गडीच हुते की तिगं. मी उतरत न्हाई. वडून काडायचं तर काडा.”

धनाजी पंख्यातला पाला उपसत होता. मान वर न करता तो म्हणाला, “बसू द्या, अण्णा. आन् ह्या बोटीवर हुकूम कुनाचा, ते एकदा ठरवून टाका.”

“ठरलंय,” सोनम म्हणाली. “पप्पू, दोर सोड.”