डाव्या गुडघ्यावरचा हात

...तर काल सांगता सांगता राहिलं ते हे, की कुंडलिक वस्तादानं सिनेमाचं तिकीट काढलं आणि तंबूत बसायच्या ऐवजी आधी पडद्याच्या मागं जाऊन आला. तिथं ना दोरी, ना माणूस. एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. वस्तादाला त्या कुत्र्याचाही संशय आला.

वडगाव निंबाळकरात त्याची तालीम. माणूस सोन्यासारखा, पण कुणी आधी रामराम घातला तर म्हणायचा, "ह्याचं काय काम अडलंय?" घरच्या म्हशीचं दूधसुद्धा वास घेऊन प्यायचा. गोजरबाई, त्याची बायको, म्हणायची, "म्हशीनंच पानी घातलं असंल. ईचारा की तिला!"

या संशयापायीच त्याचा सगळ्यात गुणी पठ्ठा गेला. रंगूबाईचा रतन. पंचावन्न साली इंदापूरच्या जत्रेत कुस्तीत रतनची पाठ लागली, आणि ती मातीला लागते न लागते तोच वस्ताद भर फडात ओरडला, "मुद्दाम पडला! ठरवून पडला!" आणि पाठ फिरवून चालता झाला. रतन कसा उठला हे बघायलाही थांबला नाही. पोरगं तिथूनच परागंदा झालं. त्याचा रोजच्या सरावाचा लंगोट मात्र तालमीच्या खुंटीवर तसाच. कुणी काढायला गेलं की वस्ताद खेकसायचा, "ऱ्हाऊ दे. पुरावा हाय त्यो." कसला पुरावा, ते त्यालाच ठाऊक. मनात किडा मात्र एकच: पोरगं मुद्दाम पडलं का पाडलं गेलं? आणि विचारणार कुणाला?

आता हा माणूस सिनेमाच्या तंबूत कशाला गेला? तर तीन-चार वर्षांनी बारामतीच्या बाजारतळावर तंबूवाल्या मोहनरावाचा खेळ लागला होता, आणि सिनेमात होता काळ्या बुरख्यातला एक वीर. गरिबाला छळणाऱ्याला ठोसा, भिंतीवरून उडी, धावत्या गाडीवरून उडी. वस्तादाची पोरं जोर-बैठका सोडून तोंडाला फडकी बांधून कडब्याच्या गंजीवरून उड्या घ्यायला लागली. वस्ताद म्हणाला, "ह्यात काळंबेरं हाय. उघडं पाडतो." वांग्याची गाडी बाजारात रिकामी केली आणि गाडीवानाला, अप्पाला, सोबत घेऊन गेला.

पडद्यावर पांढऱ्या दाढीचा गुरू बुरखेवाल्याला सांगत होता, पडलास तरी चालेल, पण उठायला विसरू नकोस.

"दाढी चिकटवल्याली हाय," वस्ताद अप्पाला म्हणाला. "आन् ह्यो चेल्याच्या पायाकडं बघतच न्हाय. कसला गुरू!"

"वस्ताद, बघू द्या की जरा!"

मग बुरखेवाला कड्यावरून कोसळला. धूळ उडाली, आणि धुळीतून तो उठला. आधी डावा हात डाव्या गुडघ्यावर, मग मान, मग सगळा माणूस.

वस्ताद ताडकन उभा राहिला. मागचे ओरडले, "ए पागोटं! खाली बस!"

त्याचं काय होतं, तरुणपणी वस्तादाच्या डाव्या गुडघ्यावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. हाताचा टेकू दिल्याशिवाय त्याला उठताच यायचं नाही. पण मोडक्या गुडघ्याच्या वस्तादाकडं कोण पोरं धाडणार, म्हणून हे त्यानं गोजरबाईशिवाय कुणाला कळू दिलं नव्हतं. पोरांना वाटायचं, उठायचा डावच असा आहे! धडधाकट गुडघ्यांची पोरं गुडघ्यावर हात ठेवून उठायची. हसू नका. तालमीत वस्तादाचा खोकलासुद्धा पठ्ठे उचलतात.

बुरखेवाला घोड्यावरून पडला, गुडघ्यावर हात. विहिरीतून वर आला, गुडघ्यावर हात. सगळा तंबू शिट्ट्या मारत होता आणि वस्ताद एकटा पुटपुटत होता, "ह्ये उठणं माझ्या तालमीतलं हाय."

खेळ सुटल्यावर त्यानं मोहनरावाला गाठलं. "बुरख्यातला कोण?"

"नट हाय की. भाईर पाटीवर नाव लिवलंय."

"त्यो तोंड दाखवाया. पडतो कोण?"

मोहनराव चपापला. "वस्ताद, हळू बोला, धंदा बसंल माझा. पडायला कंपनी दुसरा गडी ठेवती."

"मला ठावं व्हतं! फसवणूक हाय!" वस्ताद गरजला. पण मग घुटमळला, पागोटं काढून पुन्हा बांधलं. "मुंबैला सिनेमाच्या पेट्या परत द्यायला जाशील, तवा त्या पडणाऱ्याला निरोप दे. म्हनावं, वडगावच्या वस्तादानं सांगितलंय, तुजं उठणं चुकतंय."

दिवाळी झाली. एका सकाळी वस्ताद आखाड्याची माती उकरत होता, तर दारात सावली पडली. खाकी विजार, हनुवटीला टाके, अंगानं दुप्पट झालेला रतन.

"कुणी धाडलं तुला?"

"तुमीच की निरोप दिला."

"आईला भेटलास?"

"आधी हितं आलो."

"का? काय काम अडलंय?"

रतनच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. "एकच ईचारायचंय, वस्ताद. इंदापूरला मी मुद्दाम पडलो, आसं आजून वाटतंय तुमास्नी?"

वस्ताद त्याच्याकडं खालून वर, वरून खाली बघत राहिला. "पड," तो म्हणाला.

"आं?"

"हितं मातीत पड म्हनतो."

रतननं अंग टाकलं. उठला. डावा हात डाव्या गुडघ्यावर.

"गुडघा दुखतो?"

"न्हाय."

"मग हात कशाला?"

"तुमी तसंच उठता. कुठंबी पडलो तरी तुमचं उठणं डोळ्याम्होरं येतं." रतननं अंगावरची माती झटकली. "इंदापूरला बी तसाच उठलो, वस्ताद. पर तवा तुमची पाठच दिसली."

दाराआड न्याहारी घेऊन आलेली गोजरबाई पदर तोंडाला लावून उभी होती. वस्तादानं खुंटीवरचा लंगोट काढला, झटकला, उलटासुलटा करून बघितला आणि रतनच्या अंगावर फेकला.

"त्यो डाव न्हवं रं गाढवा, माझा गुडघा मोडका हाय. आन् संशयबी खोटा व्हता. त्या दिशी थांबून तुजं उठणं बघाया पायजे व्हतं मी. उद्या पहाटं ये, हात न लावता उठाया शिकवतो. आन् त्यो बुरखा हितं आणू नगं, मला तोंड बघायचंय."