केळी पिकवायची खोली

"मले त्या टाकीत कोंडू नका. मी काय केयीचा घड आहे का?" — जळगावच्या दवाखान्यात पलंगाची दांडी धरून माझा थोरला भाऊ, आबा, ओरडत होता. खाली अँब्युलन्स उभी. हे घडाचं त्याच्या डोक्यात कोणी घातलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

मी थापाड्या, हे तालुक्याला माहीत आहे. बोदवड स्टेशनावर मी गोष्ट सुरू केली की सिग्नल मिळूनही गाडी हलत नाही — असं मीच सांगतो.

बागेत आबाच्या पायात खुंट घुसला. मांस सडवणारा संसर्ग झाला, मांडीपर्यंत चढला. डॉक्टरांनी सडलेलं कापून काढलं, औषधं चालूच होती. म्हणाले, धुळ्याला काचेची मोठी नळी आहे, आत झोपवून दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. वाचतीलच असं नाही, पण उपचाराला जोड मिळेल. लगेच न्या.

आबा घाबरला होता. त्याला हसवावं — एवढंच होतं ना मनात? की वॉर्डातले ऐकत होते म्हणून? म्हणालो, "आबा, केळी पिकवायची खोली असते ना, तसंच. दार बंद, वायू चालू. सावद्याचा एक जण हिरवा गेला, पिवळाधमक निघाला. बायकोनं साल काढून घरात घेतला."

शेजारच्या पलंगावरचे चाचा पोटाचे टाके दाबून हसले. आबा हसला नाही. उभी हयात त्यानं त्या खोल्यांत घड रचले होते. बंद दाराआड जीव कसा घुसमटतो, ते त्याला ठाऊक होतं.

म्हणून तो ओरडत होता. डॉक्टर समजावून थकले. मग आबानं माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. खरं आहे का?"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. थाप होती आबा — एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हणालो?

"ऐकलंय तसं."

अँब्युलन्स रिकामी गेली. आबा आठवडाही टिकला नाही. धुळ्याला गेला असता तर वाचला असता? कुणालाच माहीत नाही. माहीत एवढंच, की तो तिथं गेला नाही — माझ्यामुळे.

वहिनीनं दारातच विचारलं, धुयाले काऊन नाही नेलं? मी सांगितलं, तिथलं मशीन बंद पडलं होतं.

ती म्हणाली, "बंद व्हतं, मंग तुम्ही तरी काय करसान, भाऊ."